बारावा कोंबडा

चिंतामणीसाहेबांनी कागद पुढे सरकवला तेव्हा भगवान शेजवळने तो वाचल्यासारखं केलं आणि सहीसाठी पेन मागितलं. खरा वाचला तो त्याच्या बायकोने, अंजनाने. चहाचा ट्रे हातात धरून, नवऱ्याच्या खांद्यावरून, तिने वरपासून खालपर्यंत वाचला. चौथीपर्यंतच शिकलेली बाई, पण स्टॅम्पपेपर दिसला की सगळं वाचल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

‘सन १९७१ मध्ये कै. मधू तुंगारे यांच्या बारा कोंबडे या चित्रमालिकेचे सर्व छाप मी स्वतः, माझ्या हाताने काढले होते. आताचे बारा छापही मीच, त्याच हाताने, मूळ साहित्य वापरून काढत आहे.’

खाली मे १९९२ची तारीख होती. भगवानने झोकात सही ठोकली. पहिलं वाक्य खोटं होतं आणि दुसरंही खोटंच ठरणार होतं, हे त्या खोलीत फक्त नवरा-बायकोला ठाऊक होतं. तिसऱ्याला कळू द्यायचं नाही असं एकवीस वर्षांपूर्वी ठरलं होतं. ‘ठरलं’ म्हणायचं आपलं. ठरवणारा एकटा भगवान होता.

चिंतामणीसाहेब मुंबईच्या एका आर्ट गॅलरीचे. त्यांना चहा फार आवडला.

आता हे तुंगारे कोण, ते सांगायला हवं. एकाहत्तर साली हा मुंबईचा चित्रकार उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका सिंधी शेठच्या शेडमध्ये आला. तिथे लोणच्याची, बिस्किटांची, काडेपेट्यांची लेबलं छापत. तुंगाऱ्यांनी पानाच्या ठेल्यावर एका काडेपेटीवरचा कोंबडा पाहिला होता. तो त्यांना तीन फुटांचा करून हवा होता, बारा वेळा, प्रत्येक वेळी मागचा रंग पिवळा-निळा कमीजास्त करून वेगळा, कोंबडा मात्र तोच लालभडक. काडेपेटीवर असतो तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, भिंतीवर टांगला की बघतील, असं त्यांचं म्हणणं. मुंबईची शहाणी माणसं आधी हसली. मग परदेशातून कोणीतरी वाहवा केली, तेव्हा तीच माणसं टाळ्या वाजवू लागली. शहाण्यांचं असंच असतं.

शेठच्या शेडमधला हुशार कारागीर म्हणजे भगवान. काम त्याच्याकडे आलं आणि नेमके तेव्हाच त्याचे हात गेले. रेशमावर डिझाइन उतरवायला सरसात बायक्रोमेट नावाचं नारिंगी रसायन कालवतात, ते त्याच्या बोटांत शिरलं आणि हातभर जखमा झाल्या. शेठला कळलं असतं तर घरी बसवलं असतं. अंजना तेव्हा ओले कागद दोरीवर वाळत घालायला शेडमध्ये यायची. भगवानने शटर ओढलं आणि तिच्या हातात रबर दिला. लाकडी पट्टीत बसवलेला हा रबर रेशीम ताणून बसवलेल्या फ्रेमवरून ओढला की शाई रेशमातून खाली कागदावर उतरते. सगळी करामत त्या ओढण्यात असते.

मोठा रबर तिला हलेना. मग तिने लेबलांचा छोटा रबर घेतला आणि एका ओढीचं काम दोन ओढींत केलं. पहिली सरळ यायची. दुसरीच्या शेवटी मात्र मनगट आपसूक वळायचं, कारण संगमनेरकडच्या तिच्या गावात परकर-पोलक्यात असल्यापासून तिने जमिनी सारवल्या होत्या. सारवणाऱ्या हाताला शेवटी अर्धगोल फिरल्याशिवाय थांबताच येत नाही. त्यामुळे दोन ओढी जिथे एकमेकींवर चढायच्या तिथे, कोंबड्याच्या छातीत, शाईचा एक अंधूक अर्धचंद्र उमटायचा. बाराच्या बारा छापांवर तो उमटला. काम बिघडलं म्हणून भगवानने कपाळाला हात लावला.

तुंगारे रविवारी आले. त्यांनी पाहिलं आणि भगवानला मिठीच मारली. “भगवान, हा चंद्र कुठून आणलास?”

“आला, साहेब,” भगवान म्हणाला. तो खोटं बोलला नाही. खरंही बोलला नाही, एवढंच.

पुढे त्या चंद्रावर एका समीक्षकाने साडेतीन पानं लिहिली. तुंगाऱ्यांनी मुलाखतीत सांगितलं की उल्हासनगरच्या भगवान शेजवळच्या हातातच चंद्र आहे. ते कात्रण भगवानने काचेत मढवून घेतलं. पुढे विठ्ठलवाडीला त्याने ‘भगवान स्क्रीन आर्ट’ नावाची स्वतःची शेड काढली, तेव्हा कात्रण दारासमोरच लावलं. आलेला गिऱ्हाईक आधी ते वाचायचा, मग काम सांगायचा. त्याची काच दर आठवड्याला अंजना पुसायची.

आणि आता एकवीस वर्षांनी पुन्हा कोंबडे. मूळ बारांतले अकरा एका शौकिनाच्या गोदामात पाइप फुटून कुजले होते, एकच वाचला होता. दिल्लीचं एक संग्रहालय नवा संच टांगायला तयार होतं, पण जुन्याच फ्रेमा हव्यात, जुनीच शाई हवी आणि हातही जुनाच हवा, ही त्यांची अट. तुंगारे चार वर्षांपूर्वी गेले होते. चारही रंगांच्या फ्रेमा त्यांच्या पत्नीने, उमाताईंनी, माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या आणखी दोन अटी होत्या. बारावा छाप त्या स्वतःच्या डोळ्यांनी काढताना बघणार. आणि तो झाला की फ्रेमांचं रेशीम स्वतःच्या हाताने कापणार, म्हणजे तेरावा कोंबडा जगात कधी निघू नये.

अंजनाच्या डोक्यात तीच अट जाऊन बसली. रेशीम कापलं की संपलं. मग कोणी म्हटलं तरी काही सिद्ध करता येणार नव्हतं. तिच्या हाताचा चंद्र दिल्लीत राहील आणि त्याच्याखाली भगवानचं नाव राहील, कायमचं. आजवर ती गप्प राहिली होती, कारण मनात कुठेतरी होतं की सांगू कधीतरी. आता त्या ‘कधीतरी’ला चार दिवस उरले होते.

साहेबांची गाडी गेल्यावर तिने विचारलं, “तुम्ही वढनार?”

“ट्राय मारून बघतो ना. हात आता बरे हायत माझे.”

भगवानने साधी लाल शाई घेऊन रद्दी कागदावर पाच-सहा छाप काढले. हात खरंच बरा होता. कोंबडा स्वच्छ, सपाट, सरळ आला. चिंतामणीसाहेबांनी ठेवलेला तो वाचलेला मूळ छाप शेजारी धरला तेव्हा हा नुसताच काडेपेटीवरचा कोंबडा दिसला. मग त्याने मुद्दाम मनगट वळवून पाहिलं. छातीत चंद्राऐवजी वण आला. आणखी दोन छापांनंतर त्याने रबर खाली ठेवला.

“तूच वढ,” तो फ्रेमकडे बघत म्हणाला.

“आन् नाव?”

“नाव तुझं काय नि माझं काय? घर एकच हाय ना?”

“मग माझं लिवा. घर एकच हाय.”

त्याने फ्रेम उचलली आणि मोरीत नेऊन धुवायला घेतली. एकाहत्तरलाही त्याने हेच वाक्य टाकलं होतं, फक्त तेव्हा अंजनाला उलटून बोलायचं सुचलं नव्हतं.

पिवळी, निळी आणि काळी शाई शेठच्या जुन्या गोदामात मिळाली. लाल मिळेना. ती अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात बनायची आणि तो बंद पडून आठ वर्षं झाली होती. तिथले स्टोअरकीपर अण्णा बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला गेल्याचं अंजनाला आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती एसटीने निघाली.

अण्णा गॅलरीत पेपर वाचत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाहताक्षणी म्हणाले, “शेजवळबाई ना तुम्ही? लाल न्यायला यायचात.”

“तीच पायजे, अण्णा. एक डबा तरी.”

“एक आहे. पाण्याच्या टाकीवर नंबर टाकायला आणलेला, तसाच राहिला.” अण्णांनी पलंगाखालून गंजलेला डबा ओढून काढला. मग हसून म्हणाले, “तुम्ही यायचात आणि सांगायचात, अण्णा, जरा घट्टातली द्या, पातळ असली की माझा हात घसरतो. मी धरून चाललो होतो की तुंगाऱ्यांचं काम तुम्हीच करता. मग पेपरात भगवानरावांचं नाव वाचलं. म्हटलं, असेल बाबा, आपल्याला काय!”

अंजना डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. आपण असं बोललो होतो हे ती साफ विसरली होती. म्हणजे एका माणसाला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं आणि त्याने ‘आपल्याला काय’ म्हणून पेपराची घडी घालून ठेवली होती. तिला अण्णांचा राग आला, मग वाटलं, यांचा कशाला? मी स्वतः तरी दुसरं काय केलं? कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण इथे झाकणारीच ती होती, दर आठवड्याला काच पुसून. ती उठली, अण्णांना नमस्कार केला आणि परतीच्या एसटीत डबा पोटाशी धरून बसली.

शेडचं शटर तीन दिवस खाली होतं. बाहेर पाटी, ‘अर्जंट कामामुळे बंद’. आत मे महिन्याचा उकाडा आणि टर्पेंटाइनचा वास. डब्यावर शाईची जाड साय धरली होती. अंजनाने ती सुरीने अलगद काढली, डबा गरम पाण्यात उभा केला आणि थेंबथेंब अळशीचं तेल घालून शाई घोटली. बारा छाप आणि वर चमचाभर, एवढीच भरत होती. एक छाप फुकट गेला तर गेला.

चारही रंग तीच ओढत होती. भगवान कागद खुणेला लावायचा, ती ओढायची, तो “हां, सोड” म्हणून फ्रेम उचलायचा. हे दोन शब्द सोडले तर दिवसभर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. एकवीस वर्षांचं रेशीम होतं, प्रत्येक ओढीला चिरचिरायचं. पाचव्या कोंबड्याला लाल फ्रेमचं रेशीम शेपटाच्या बाजूला टच्‌कन वाजलं. मोहरीएवढं भोक पडलं होतं. तिने शेजारणीकडून नेलपॉलिश आणून ते बुजवलं आणि पुढे त्या बाजूला हात हलका ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी अकरा कोंबडे तयार झाले. बाराव्यावर पिवळा, निळा, काळा चढवून त्याचा लाल रंग उमाताईंसाठी राखून ठेवला. चिंतामणीसाहेबांचा शेजारच्या दुकानात फोन आला की छाप काढणाऱ्याने प्रत्येक कागदामागे पेन्सिलने नाव घालायचं असतं, ती पद्धत आहे. भगवान पेन्सिल घेऊन बसला. चलनबुकात कार्बन घालून दाबून लिहायची त्याची सवय. अकरा वेळा त्याने तसंच दाबून लिहिलं, भगवान शेजवळ, उल्हासनगर.

अंजना समोर शाईचे हात पुसत उभी होती. “उद्या बाईंसमोर काय करनार?”

“छोटा रबर घेतो, दोन वढींत काढतो. एकात चंद्र फिका आला तर कोन भिंग लावून बघतंय?”

“शेपटापाशी दाबू नका. फाटंल.”

“आता तू मला शिकवनार?” भगवान म्हणाला. यावर काय बोलायचं! ज्याचं बोट धरून चालायचं त्यालाच चाल शिकवायला निघालेले लोक जगात कमी नाहीत.

उमाताई दुसऱ्या दिवशी अकराला आल्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा. पर्समधून त्यांनी आधी कात्री काढून टेबलावर ठेवली. मग अकरा कोंबडे एकेक करून पाहिले. प्रत्येकाच्या छातीवरून त्यांचं बोट कागदाला न लागता फिरत होतं. चिंतामणीसाहेब रुमालाने मान पुसत मागे उभे होते.

शेवटचा पाहून झाल्यावर उमाताईंनी चष्मा काढला. डोळे भरले होते. “तोच हात,” त्या म्हणाल्या. “भगवानराव, मला वाटलं होतं मधूबरोबर हेही गेलं.” आणि त्यांनी त्याच्या दोन्ही हातांना नमस्कार केला.

भगवानने ते हात मागे घेतले नाहीत. चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या अंजनाला संताप आला. तिने ट्रे खाली ठेवला.

बारावा कागद खुणेला लागला. वर लाल फ्रेम आली. भगवानने डब्यातली उरलेली शाई फ्रेमच्या कडेला ओतली, चमचाभर मागे ठेवून. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. पाहुण्यांसमोर उभा राहिलेला कारागीर, सगळ्यांच्या नजरा हातावर, आणि अशा वेळी माणूस सवयीवर जातो. त्याने हात लांब करून मोठा रबर उचलला.

अंजनाने ते पाहिलं. मोठ्या रबराचं टोक बरोबर त्या भोकावरून जाणार होतं. भगवान दोन्ही हातांनी दाबून ओढणार आणि रेशीम शेपटापासून छातीपर्यंत उसवणार.

फाटू दे, तिच्या मनात आलं. फाटलं की बारावा नाही. बारावा नाही तर संच नाही, दिल्ली नाही, भगवानच्या नावाची पाटी नाही. तिला तोंडही उघडावं लागणार नाही. भगवानने रबर टेकवला. आणि लोक काय म्हणतील? रेशीम जुनं होतं, बिचाऱ्या भगवानरावांनी केवढी मेहनत घेतली, असंच म्हणतील. म्हणजे फाटलं तरी हात त्याचाच राहणार. शिवाय त्या रेशमाने तिचं काही वाईट केलं नव्हतं.

“थांबा,” ती म्हणाली. “सरका.”

भगवान हलला नाही. तिने पुढे होऊन त्याच्या हातातला रबर धरला.

“अहो बाई, हे काय करताय?” चिंतामणीसाहेब ओरडले. “भगवानराव, यांना बाहेर पाठवा आधी!”

“रबर मोठा हाय. शेपटापाशी फाटंल.”

“तुम्हाला काय माहीत?” उमाताईंनी विचारलं.

“भोक मीच बुजवलंय, बाई.”

भगवानची बोटं सैल झाली. अंजनाने मोठा रबर बाजूला ठेवला, छोटा घेतला, पदर खोचला. पहिली ओढ सरळ आली. दुसरी तिने शेपटाकडून हलकी घेतली, छातीपाशी जोर दिला आणि शेवटी मनगट वळलं, तसंच, आपसूक. रेशीम चिरचिरलं, पण टिकलं.

“हां, सोड,” भगवान म्हणाला आणि त्याने फ्रेम उचलली.

म्हणून गेल्यावर त्याला कळलं आपण काय केलं. तीन दिवसांची सवय तोंडातून आणि हातांतून एकदमच बाहेर पडली होती. उमाताई कोंबड्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर त्या दोघांच्या हातांवर होती.

कोंबडा उत्तम आला होता. छातीत चंद्र होता.

चिंतामणीसाहेबांनी घसा साफ केला. “ठीक आहे. घरच्या माणसाने थोडी मदत केली, त्यात काय एवढं? भगवानराव, करा मागे सही, म्हणजे ताई रेशीम कापायला मोकळ्या.”

“मदत न्हाई,” अंजना म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला, पण थांबला नाही. “अकराच्या अकरा माझ्या हाताचे हायत. आन् एकाहत्तरचे बारा बी माझेच. यांच्या हाताला जखमा झाल्या व्हत्या तवा.”

“पुरावा काय याला? दिल्लीला स्टॅम्पपेपर जायचाय, बाई! तुम्हाला कळतंय का, सगळं फिसकटेल!”

उमाताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग छोटा रबर उचलून भगवानपुढे धरला. “चमचाभर शाई उरलीय. रद्दीवर ओढून दाखवा. मला फक्त चंद्र बघायचाय.”

भगवानने रबर घेतला. रद्दी कागद लावला. फ्रेमवर वाकला. त्याचं मनगट एकदा वळलं, नुसतंच हवेत, मग त्याने रबर हळूच टेबलावर ठेवला.

“माझ्याच्यानं नाय व्हनार, बाई,” तो म्हणाला. “कधीच झालं नव्हतं.”

या क्षणाची अंजनाने किती वर्षं वाट पाहिली होती. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पाय दुखत होते आणि रडू येत होतं, एवढंच.

उमाताई स्टुलावर बसल्या. “मी एकदा आले होते त्या शेडमध्ये,” त्या म्हणाल्या. “एकाहत्तरमध्येच, मधूबरोबर. तुम्ही चहा आणला होतात. तुमच्या बोटांना लाल रंग होता. आणि मी काय म्हटलं, आठवतं?”

अंजनाला आठवत होतं.

“मी म्हटलं, आधी हात धुऊन या, मग द्या.” उमाताई म्हणाल्या. “तो रंग कसला, हे विचारायचं सुचलं नाही मला. कोणाच्या हातचं प्यायचं, असलंच काहीबाही डोक्यात होतं माझ्या.”

“धुतले व्हते, बाई,” अंजना म्हणाली. “निघत नव्हता.”

मग चिंतामणीसाहेबांनीच व्यवहार काढला. नव्या कागदावर नवं निवेदन लिहून सही घेता येईल, पण अकरा छापांमागे भगवानचं नाव पडलेलं आहे आणि दिल्लीवाले असल्या भानगडीत संच परतही पाठवतील.

“पाठवू देत. माझ्या घरात बारा भिंती नाहीत, पण टांगेन,” उमाताई म्हणाल्या. “नावं खोडा.”

भगवान खाली सतरंजीवर बसला. अंजनाने त्याला खोडरबर आणून दिलं. वर टेबलावर उमाताईंनी कात्री घेतली आणि पहिल्या फ्रेमचं रेशीम चर्रकन कापलं. भगवान पहिल्या कागदावरचं आपलं नाव घासत होता. शिसं गेलं, अक्षरं गेली नाहीत. कागदात खोल चर पडले होते, बोट फिरवलं तरी लागत होते.

“जात नाय गं,” तो वर बघून म्हणाला. बावन्न वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा मार खाल्लेल्या पोरासारखा झाला होता. “लय दाबून लिवलंय मी.”

तिला दया आली. ‘राहू द्या’ अगदी जिभेवर आलं. एकवीस वर्षं तिने हाच शब्द वापरला होता, जिभेला त्याची सवय झाली होती. तिने तो गिळला.

“घासा,” ती म्हणाली. “अजून घासा.”

त्याने घासलं. अकराही घासले. मग तिने पेन्सिल घेतली आणि त्याच जागी लिहायला लागली. टोक त्याच्या अक्षरांच्या चरांत घसरायचं, अडकायचं, भलतीकडे ओढलं जायचं. तिला एकेक अक्षर जोर लावून आपल्या वाटेवर आणावं लागत होतं. अंजना भगवान शेजवळ असं सवयीने लिहायला गेली आणि पहिल्याच कागदावर थांबली. मग नुसतं लिहिलं, अंजना शेजवळ, उल्हासनगर. असं अकरा वेळा.

शेवटी बारावा कागद समोर आला. शाई ओली होती म्हणून भगवानने तो दोन्ही हातांनी उभा धरला, तिला मागून लिहिता यावं म्हणून. मागची बाजू कोरी होती. त्यावर खाली कोणाचंच नाव नव्हतं, पेन्सिल कुठेच अडकणार नव्हती, आणि तिथे मात्र अंजनाला पहिला ‘अ’ सुद्धा काढता येईना.